वरचा माळ, खालचा माळ

ढवळवाकीत सोयरीक जुळवायला आलेली माणसं आधी पाण्याची चौकशी करत आणि मग नवऱ्यामुलाची. यात त्यांचं काही चुकत नव्हतं. विहिरी खारट, बोअरचं पाणी पिऊन पोरांचे दात पिवळे पडलेले, आणि टँकर म्हणजे लहरी पाहुणा, आला तर आला. गावाखाली कोसभरावर कॅनॉल वाहत होता. त्याच्या कडेला काळ्या मातीची लांबलचक पट्टीही मोकळी पडून होती, पण ती वनखात्याच्या नावावर. त्या पट्टीत घरं बांधून सगळं गाव तिथं न्यायचं आणि प्रत्येकाच्या दारात नळ आणायचा, एवढी एकच गोष्ट सरपंच कौसल्या कोळेकर यांच्या डोक्यात कित्येक वर्षं ठाण मांडून बसली होती.

रेवती त्यांची धाकटी नणंद. आई लवकर गेली, म्हणून वहिनीनंच वाढवलेली. कौसल्याबाईंनी स्वतः मेंढरांमागं मुलूख तुडवला, पाठीशी पोर बांधून उन्हातान्हात चालल्या, पण नणंदेला मात्र वसतिगृहात ठेवून शिकवलं. "एकीनं चाललं ते बास झालं," असं त्या म्हणायच्या. रेवती शिकली, मातीतल्या सूक्ष्म जीवांची शास्त्रज्ञ झाली आणि अदलाबदल कक्षात नोकरीला लागली. तिच्या टेबलावर ढवळवाकीची फाईल आली तेव्हा ती सरळ कक्षाचे प्रमुख पाथरकर साहेबांकडे गेली आणि म्हणाली, "सर, हे माझंच गाव आहे. सरपंच माझी वहिनी आहे. दुसऱ्या कुणाला पाठवा."

साहेब हसले. "अहो, तपासणी मशीन करतं. मशीन कुणाची नणंद नसते."

आता हा कक्ष कसला, ते सांगितलं पाहिजे. सरकारी जमिनींचा पूर्वापार घोळ असा, की वनखात्याच्या ताब्यात अशाही जमिनी होत्या जिथं ससासुद्धा फिरकत नव्हता, आणि लांडगे, चिंकारा, खोकड जिथं खरोखर राहत ती माळरानं दप्तरात 'पडीक' म्हणून नोंदलेली. पडीक म्हटल्यावर ती कुणालाही देता येत. मग कायदा झाला. जनावरांची जमीन जनावरांकडे, माणसांना उपयोगाची जमीन माणसांकडे. पण अदलाबदल एकराला एकर अशी करायची नाही. गाव जी जमीन देईल तिथं जनावरांचा वावर किती, हे मोजायचं आणि त्यावर सौदा ठरवायचा.

हे मोजायला मातीवाचक आला होता. दिसायला जेवणाच्या डब्याएवढा. कुठलंही जनावर चालता चालता स्वतःचा काही अंश मागं टाकत असतं. केस, लाळ, मूत्र, विष्ठा, कातडीचा कोंडा. या प्रत्येकात त्याचा डीएनए असतो, आणि तो मातीत मिसळतो. वाचक चिमूटभर माती घेई, त्यातले डीएनएचे तुकडे वेगळे करी, त्यांच्या लाखो नकला काढी आणि आपल्या साठ्यातल्या नोंदींशी ताडून बघी. पूर्वी प्रयोगशाळेत यालाच आठवडे लागत. आता चहा पिऊन होईपर्यंत उत्तर येई, की या जमिनीवर मागच्या काही वर्षांत कोण कोण येऊन गेलं. त्यावरून वावर-अंक निघे. अंक चांगला आला की जमीन अभयारण्याला जोडायची. शून्य आला तर ती मोकळी समजायची आणि सौर पॅनलवाल्यांना द्यायची.

ढवळवाकीची गायरानं दोन. खालचा माळ तळ्यालगत, खडकाळ, बोडका. वरचा माळ टेकाडापलीकडं, कुसळी गवताचा, दूरवर पसरलेला. गावानं ठराव केला, की दोन्ही तपासा, पण आम्ही देणार खालचा.

रेवती मशीन घेऊन आली त्या दिवशी तिचा भाऊ, म्हणजे कौसल्याबाईंचा नवरा बिरूदादा कळप घेऊन वरच्या माळावर होता. ती नमुने घेत असताना तो काठीवर हनुवटी टेकवून गंमत बघत राहिला.

"काय म्हणतोय तुजा डबा?"

रेवतीनं पडद्याकडं पाहिलं. पुन्हा पाहिलं. "शून्य."

"शून्य?" बिरूदादा खदखदून हसला. "अगं, मागल्या महिन्यात हितनंच कोकरू नेलं की लांडग्यानं! माज्या डोळ्यादेखत!"

"येऊन गेला असेल, दादा. राहत नसेल."

"मग माजं कोकरू काय फिरायला गेलं म्हणतीस?"

रेवतीला हसू आलं, पण तिनं आकडा बदलला नाही. बदलणार तरी कसा? आणि खालच्या माळावर तर मशीननं कमालच केली. लांडगा, चिंकारा, खोकड, साळिंदर, रानमांजर. अंक इतका वर गेला, की पाथरकर साहेबांनी फोनवर दोनदा विचारून घेतलं.

गावात आनंदीआनंद झाला. कौसल्याबाईंनी शेवया केल्या, रेवतीच्या पानात तुपाची धार सोडली आणि म्हणाल्या, "जिंकलीस बाय! आता कॅनॉलला घर बांधू. पैल्या दिवशी नळाखाली डोस्कं धरून बसणार हाय मी, सांगून ठेवते. कुणी उठवायचं न्हाई."

"आणि मेंढरं?"

"इकून टाकायची. वरच्या माळावर पॅनल येत्याल, तितं कुठं चारनार? बास झाली ती पायपीट. दोन म्हशी घिऊ, दारात बांधू." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मला आता चालवत न्हाई गं. गुडघं बोलत्यात."

रेवतीनं त्यांचा हात धरला. तिला खरोखर बरं वाटलं होतं. कागद पुढं सरकले, मंजुरी जवळजवळ झाली, आणि हद्दीचे दगड पुरायचा दिवस ठरला.

त्या दिवशी खालच्या माळावर अर्धं गाव जमलं होतं. नारळ फुटला, गुलाल उधळला, आणि गडी दगडासाठी खड्डे खणू लागले. रेवती खड्ड्याच्या काठावर उभी होती. कुदळीबरोबर वर आलेल्या मातीत तिला काहीतरी पांढरं चमकलं. तिनं उचललं. शिंपला होता. बोटाच्या पेराएवढा, तळ्यात असतो तसा. दुसऱ्या खड्ड्याशी गेली, तिथं गोगलगाईंचे शंख. तिसऱ्यात पुन्हा शिंपले. सगळे वरच्या वीतभर थरात, आणि त्याखाली कोरा मुरूम.

या बोडक्या माळावर पावसाचं पाणी घडीभर थांबत नाही. इथं शिंपला चालत आला काय?

आणि मग तिच्या लक्षात आलं. ढवळवाकीत तळं आटलं की गाळ उपसतात आणि शेतात टाकतात. असं सगळीकडेच करतात. पण ढवळवाकीची रीत अशी, की प्रत्येक घरानं पहिली ट्रॉली गायरानावर रिकामी करायची आणि मगच आपल्या शेताकडं वळायचं. तळं सगळ्यांचं, म्हणून पहिला वाटा सगळ्यांच्या जमिनीला. वरचा माळ लांब, चढाचा. म्हणून पहिली ट्रॉली नेहमी खालच्या माळावर पडे. दर उन्हाळ्यात, पिढ्यान् पिढ्या, आधी बैलगाडीनं आणि आता ट्रॉलीनं.

आणि तळ्यावर पाणी प्यायला येत नव्हतं कोण? सगळ्या मुलखातली जनावरं येत होती. त्यांची लाळ, त्यांचे केस, सगळं पाण्यातून तळाशी बसत होतं. चिकण गाळाचा एक गुण असा, की त्याचे बारीक कण डीएनएला घट्ट धरून ठेवतात, सहसा कुजू देत नाहीत. उलट वरच्या माळावर गवताच्या ठोंबांमध्ये उघडा मुरूम आणि दिवसभर ऊन. उन्हातले अतिनील किरण डीएनएचे तुकडे तुकडे करतात. तिथं लांडगा रोज लोळला तरी वरवरच्या मातीत त्याची खूण टिकायची नाही. मशीन खोटं बोललं नव्हतं. त्यानं तळं वाचलं होतं, माळ नाही.

रेवतीनं शिंपला मुठीत धरला. समोर वहिनी पहिल्या दगडाला कुंकू लावत होत्या.

ती कुणाशी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दादाला घेऊन वरच्या माळावर गेली. टेकाडाच्या उतरणीला मोठे धोंडे होते, त्यांच्या पोटात लांडग्याचं बीळ. उन्हाची तिरीपही आत पोचत नव्हती. तिथली गार, दमट माती तिनं हातभर आत जाऊन काढली आणि वाचकात घातली. चहा नव्हताच, ती आणि दादा नुसते बसून राहिले.

लांडगा आला. एक नाही, एका कुटुंबाचे निरनिराळे. पिल्लंसुद्धा. वावर-अंक खालच्या माळाच्याही वर.

"मग?" बिरूदादा म्हणाला. "सांगत न्हवतो?"

"सांगत होतास."

"आता काय करणार?"

रेवतीनं वाचक बंद करून पिशवीत ठेवला. ती काय करू शकत होती, ते तिला ठाऊक होतं. गप्प बसली, तर गाव कॅनॉलला जाईल, वहिनी नळाखाली बसतील आणि इथं पॅनल उभे राहतील. या लांडग्यांना जायला जागा नाही. चहूकडे ऊस आणि रस्ते. बोलली, तर खालच्या माळाची किंमत शून्य होईल, सौदा मोडेल आणि वरच्या माळाचं काय होईल ते कुणीच सांगू शकत नव्हतं. एवढं मात्र नक्की, की पट्टी हातची जाईल.

तिनं वहिनीला आधी सांगायचं ठरवलं. निदान तेवढं तरी.

कौसल्याबाई भाकरी थापत होत्या. सगळं ऐकून घेतलं. भाकरी तव्यावर टाकली, उलटली, आणि मग म्हणाल्या, "गाळ आपुनच टाकला ना? कुणाची चोरी केली का?"

"नाही."

"मशीन सरकारचं. आकडा सरकारचा. आपण खोटं बोललो का कुटं?"

"नाही, वहिनी. पण आता मला माहीत आहे."

"तुला माहीत हाय ते तुज्यापाशी ठेव."

"तिथं पिल्लं आहेत."

"हितं न्हाईत?" कौसल्याबाईंचा आवाज चढला. "हितली पोरं दिसत न्हाईत तुला? दात बघ त्यांचं! लांडग्याची पिल्लं दिसली बाईसाहेबांना! आमी मेंढरांमागं रान तुडवून तुला शिकवली ती येवढ्यासाठी? लांडग्याचं वकीलपत्र घ्याया?"

रेवतीला रडू फुटलं. ती म्हणाली, "तुम्हीच सांगा, खोटा आकडा देऊन तुम्हाला पाणी पाजलं, तर ते तुमच्या घशाखाली उतरेल?"

"उतरंल!" वहिनी म्हणाल्या. "गटागटा उतरंल! तू पाजून तर बघ!"

भाकरी करपली. दोघींनीही तिच्याकडं पाहिलं नाही. रेवती उठली, बॅग घेतली आणि शेवटची गाडी पकडून शहरात गेली. दुसऱ्या दिवशी तिनं अहवाल दिला.

पाथरकर साहेबांनी कपाळाला हात लावला. ते वाईट गृहस्थ नव्हते, पण झालेली फाईल उलटी फिरवणं म्हणजे काय असतं, ते त्यांनाच माहीत. खालच्या माळाचा अंक रद्द झाला. वरचा माळ मोकळ्या जमिनींतून बाहेर आला, कारण आता तो शून्य राहिला नव्हता. पॅनलवाले चिडले. आणि ढवळवाकीचा प्रस्ताव 'फेरविचारासाठी' म्हणून बाजूला पडला. गावाला एवढंच समजलं, की मिळालेली जमीन गेली आणि ती कोळेकरांच्या पोरीनं घालवली. वहिनींनी फोन उचलणं बंद केलं. दिवाळीला रेवती घरी गेली नाही. जायला तोंड नव्हतं.

पण तिनं प्रस्ताव मरू दिला नाही. 'गाव वरचा माळ देईल, त्याबदल्यात पट्टी द्या' असा नवा आराखडा तिनं मांडला, आणि मांडताना बिळातल्या मातीचा पुन्हा नीट अभ्यास केला. तेव्हा दुसरी गोष्ट ध्यानात आली. वाचकात एक गाळणी होती. पाळीव जनावरांचा डीएनए ती परस्पर बाजूला काढून टाकत असे. अभयारण्याला शेळ्यामेंढ्यांशी काय देणंघेणं, असा त्यामागचा विचार. रेवतीनं ती गाळणी बंद केली आणि तीच माती पुन्हा वाचली. बिळात मेंढीच मेंढी होती. लांडगे जगत होते ते मुख्यतः मेलेल्या, मागं पडलेल्या, आणि अधूनमधून पळवलेल्या मेंढरांवर. चिंकारा आता फार थोडे उरले होते. शिवाय कुसळी गवत माजू न देणारी, लेंड्या टाकून माळ जिवंत ठेवणारी जनावरंही तीच.

"म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"म्हणजे माळ अभयारण्याला जोडला आणि नेहमीसारखी चराईबंदी केली, की लांडगे उपाशी मरतील, नाहीतर गावात शिरतील. लांडगा राहायचा तर कळप राहिला पाहिजे. कळप राहायचा तर धनगर राहिला पाहिजे."

"हे नियमात कुठं बसतं?"

"बसत नाही. नियम बदलायला लागेल."

वर्ष गेलं. आश्चर्य म्हणा, पण नियम बदलला. वरचा माळ अभयारण्याला, पट्टी गावाला. मात्र अट घातली. चार कळप वरच्या माळावर कायम चरले पाहिजेत, आणि त्यांच्या कुटुंबांनी माळालगतच राहिलं पाहिजे. सरकारी जागेत एका कुटुंबाला एकच घर, म्हणून या चौघांना पट्टीत घर नाही. चार कुटुंबं तयार झाली नाहीत, तर सौदा रद्द.

रेवतीनं ती अट वाचली तेव्हा ती आपल्याच अहवालातून निघाली आहे, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

ग्रामसभेत ती मागं, दारापाशी उभी राहिली. कुणी तिला बस म्हटलं नाही. ग्रामसेवकानं अट वाचून दाखवली आणि विचारलं, "कोण राहणार?" कुणी वर बघेना. बरोबरच होतं. पाणी समोर आल्यावर आपण होऊन माळावर राहायला कोण तयार होईल? एका म्हाताऱ्यानं खोकून सुरुवात केली, की माझी सून बाळंतीण आहे. दुसऱ्यानं गुडघ्याचं सांगितलं. बराच वेळ गेला.

कौसल्याबाई खुर्चीवरून उठल्या. "आमचा कळप ऱ्हाईल," त्या म्हणाल्या. "सरपंच मी. मीच न्हाई म्हणले, तर दुसऱ्याला कुठल्या तोंडानं सांगू? लिवून घ्या. बिरू कोळेकर. आता आणखी तीन बोला."

बिरूदादानं बायकोकडं पाहिलं, आणि नुसती मान हलवली. थोड्या वेळानं एक हात वर झाला. मग दुसरा. तिसऱ्यासाठी दोन भावांमध्ये थोडी बाचाबाची झाली, पण झाला.

रेवतीला तिथं थांबवेना. बाहेर येऊन ती ओट्यावर बसली आणि पदर तोंडात धरून रडली. वहिनी तिच्या शेजारून गेल्या. सरळ घराकडं वळल्या.

पट्टीत घरं उभी राहिली आणि नळ सोडायचा दिवस आला. रेवतीला निमंत्रण नव्हतं, तरी ती गेली. सरपंच म्हणून पहिला नळ कौसल्याबाईंनीच सोडला. पाणी आलं तशी बायकांनी एकच कल्ला केला. पोरं ओलीचिंब झाली. कुणी नळाखाली डोकं धरलं, कुणी एकमेकींवर तांब्या ओतला. कौसल्याबाई सगळ्यांच्या दारात गेल्या, सगळ्यांना साखर वाटली. नळाखाली मात्र बसल्या नाहीत. ओंजळभर पाणी प्यायल्या, आपला हंडा भरला, फडक्याची चुंबळ करून तो डोक्यावर घेतला आणि माळाची वाट धरली. बिरूदादा मोटारसायकल घेऊन कळपामागं गेला होता. दुसऱ्या कुणाची गाडी त्यांनी घेतली नाही.

रेवती मागून पळत गेली. "वहिनी, द्या इकडं."

"सर बाजूला."

"वहिनी, द्या ना. गुडघे दुखतील."

"दुखू देत. माजं गुडघं हायत."

रेवती मागून चालत राहिली. चढ लागला. कॅनॉल खाली राहिला, माणसांचा गलका ऐकू येईनासा झाला. कौसल्याबाईंचा श्वास फुलला, तरी त्या थांबल्या नाहीत. रेवतीला वाटलं, आता काहीतरी बोलावं, माफी मागावी, आपण केलं ते का केलं ते पुन्हा सांगावं. पण सगळं सांगून झालं होतं, आणि त्यातलं काहीच खोटं नव्हतं.

टेकाडाच्या अलीकडं वहिनी थांबल्या. हंडा उतरवून दगडावर ठेवला. पदरानं तोंड पुसलं. त्या भांडणानंतर पहिल्यांदा त्यांनी नणंदेकडं सरळ पाहिलं.

"माजा राग गेलेला न्हाई," त्या म्हणाल्या. "जाईल का ते बी सांगता येत न्हाई."

"बरं."

"केलंस ते खोटं न्हाई केलंस. मला ठाऊक हाय. पर नळ माज्या दारात याचा हुता गं."



कौसल्याबाईंनी चुंबळ काढली आणि तिच्या हातात दिली.

"घे आता. तुज्यामुळंच वाहाया लागतंय."

रेवतीनं हंडा डोक्यावर घेतला, आणि दोघी वरच्या माळाकडं चालू लागल्या.